जीरावन, शेव आणि वेडेपणाचा देव
आज सकाळी भाच्याने ऑब्लिव्हियन हा व्हिडिओ गेम लावलेला, त्यातला २००७ चा जोडभाग शिव्हरिंग आयल्स, आणि मला समजावत बसला की मामा, यात शेवटी आपला प्लेअरच शिओगोरथची जागा घेतो म्हणजे वेडेपणाचा देव होतो, फॅन्स याला मॅन्टलिंग म्हणतात, देवासारखं इतकं वागायचं की देवच व्हायचं, आणि मग याच मालिकेतल्या पुढच्या गेममध्ये, २०११ च्या स्कायरिममध्ये, शिओगोरथ भेटतो तो चक्क आपल्या जुन्या भानगडींचे इशारे देतो! (हे मात्र भारी आहे हां.) मी म्हटलं बरं बुवा, चल आधी पोहे खाऊ.

इंदूरच्या राजवाड्याजवळ ठेल्यावर मी पोह्यांवर नेहमीसारखं आधी जीरावन मसाला, मग शेव, मग लिंबू दोनदा पिळलं, तर ठेलेवाले काका हसून म्हणाले, "बिलकुल पापाजी जैसे." बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. भाचा जिलेबी चावत म्हणाला, मामा, तुझं पण झालं वाटतं मॅन्टलिंग.