तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याच माणसांचं फुटेज पोलिसांना का दिलं?

लग्नात, मोंढ्यात, सलूनमध्ये, सगळीकडे हेच: "पक्ष तुझाच, पोरं आपलीच, मग कॅमेऱ्यातलं पोलिसांना का दिलंस?" आता एकदाच सांगतो.

2024 च्या विधानसभेला प्रचार संपायच्या आदल्या रात्री आमच्या प्रचार कार्यालयाच्या काचा फुटल्या, हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी पायरीवर विरोधकांचं उपरणं सापडलं आणि दुपारी निषेध मोर्चा निघाला. त्या दिवसांत सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये, मोंढ्यात सौदा त्याच्या खाली. लोक उमेदवारांना अडवून जाब विचारत होते, आमच्याही. काचा फुटल्या आणि सोयाबीनचं कुणी नाव काढेना.

माझं मोबाईलचं दुकान बरोबर समोर. फुटेज लावलं ते विरोधक सापडतील म्हणून. दिसला आमच्याच बूथचा पोरगा. त्यानं आधी आपल्या उमेदवाराचा फ्लेक्स सोडवला, घडी घालून बाजूला ठेवला. मग दगड मारला. मग खिशातून उपरणं काढून टाकलं. मनासारखं पडलं नाही म्हणून परत उचललं आणि पायरीवर नीट पसरलं.

तरी मी गप्प बसणार होतो. निवडणुकीत असं चालायचंच, हे मीच कित्येकांना ऐकवलेलं. संध्याकाळी गल्लीतली मावशी आली. विरोधकांची पत्रकं वाटायचा म्हणून तिच्या पोराला उचललं होतं. "दादा, लेकरू भरतीची तयारी करतंय. केस लागली तर संपलंच की." पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी होते, हे आपल्याकडे घराघरात पाठ आहे. तिला चहा पाजून परत पाठवायचं होतं का मी?

म्हणे, गुपचूप सी-व्हिजिलवर, म्हणजे निवडणूक आयोगाच्या तक्रारीच्या ॲपवर, टाकायचं. त्या ॲपवर जुना व्हिडिओ चढत नाही, जागेवर काढलेलाच चालतो. आणि फुटेज कोर्टात टिकायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यावर कॅमेरा ज्याच्या ताब्यात त्याची सही. ती मी केली. म्हणून तर माझं नाव तुमच्यापर्यंत आलं.

मावशीचा पोरगा सुटला. पण दगड मारणाराही भरतीचीच तयारी करत होता. त्याला पाठवणारे फुटेजमध्ये नाहीत, ते आजही स्टेजवर पुढच्या रांगेत बसतात. त्याचे वडील मला बघून रस्ता बदलतात. आधी त्यांना भेटायचं होतं, असं बायको म्हणते. भेटलो असतो तर सही झाली असती का, हे मला अजून सांगता येत नाही.