जांभ्यातली लोहखाण: खड्डा, कीट आणि कोळशाचा हिशोब

बेळगावजवळच्या खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या रानात, किंवा सीमेपलीकडे चंदगडच्या डोंगरात, जुना खड्डा दाखवून 'ही लोखंडाची खाण' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बरेच खड्डे चिऱ्याचे असतात. चिरेखाण लगेच कळते: भिंती ओळंब्यात, कोपरे काटकोनात, तळ पायऱ्यापायऱ्यांचा. लोखंडवाल्याला चौकोनाशी काय देणंघेणं? जड गोटा मिळेल तिकडे तो वळला. म्हणून त्याचा खड्डा उथळ, वेडावाकडा, काठाला टाकून दिलेल्या हलक्या जांभ्याचे ढीग.

खरा पुरावा मात्र कीट, म्हणजे लोखंड गाळताना निघणारा मळ. आयुर्वेदातलं मंडूर ते हेच. निळसर काळं, हाताला जड, तुटल्या जागी काचेसारखी चकाकी, अंगावर ओघळाच्या वळ्या. भोकं जांभ्यालाही असतात, ओघळ नसतात. कीट खड्ड्याशेजारी सापडेलच असं नाही. भट्टीला लागणारा लाकडी कोळसा खनिजाहून जागा फार खातो आणि वाटेत त्याचा चुरा होतो, त्यामुळे खनिजच कोळशाकडे नेणं परवडायचं. आधी ओढ्याकाठच्या सपाट जागा बघाव्यात. नुसत्या चुंबकावर भिस्त नको: वणव्यात भाजलेला जांभाही चुंबकाला चिकटतो.

घाटमाथ्यावरचा हा जांभा म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, पुढच्या काळात कुजलेला. पावसाने सिलिका, चुना, सोडियम धुऊन नेलं. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. वर कडक सडा, मध्ये गोट्यांचा थर, त्याखाली मऊ शेडी (मातीसारखा थर), तळाला काळा दगड. अ‍ॅल्युमिनियम जास्त उरलं तिथे बॉक्साइट झालं. चंदगडच्या कासारसड्याचं बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यासाठी निघालं ते यामुळेच.

सरसकट जांभा भट्टीत घालून काही हाती लागत नाही. वेचक गोटेच कामाचे. बिनझिलईच्या टाइलच्या पाठीवर गोटा घासा: लाल रेघ आली तर हेमॅटाइट (शुद्ध असेल तर ७० टक्के लोखंड), पिवळट तपकिरी आली तर गोएथाइट (सुमारे ६३ टक्के). मग गोट्याचं कोरडं वजन घ्या, रात्रभर भिजवा आणि दोरीला टांगून पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. उत्तर ३.५ च्या वर आलं तर गोटा घेण्यासारखा. न भिजवता तोललं तर भोकांतली हवा आकडा खाली ओढते, आणि चांगला गोटा टाकला जातो.

निवडलेला गोटा लाकडाच्या आगीत भाजायचा. त्यातलं पाणी उडतं, तडे जातात, फोडायला सोपा होतो. सुपारीएवढे तुकडे करून भुगा चाळून टाकायचा, कारण भुग्याने वारा कोंडतो. भट्टी मातीची, छातीभर उंच, आतून वीत-दीड वीत रुंद. कोळसा आणि खनिज थराथराने, वजनाला साधारण सारखे. दोन भाते आळीपाळीने चालवायचे, म्हणजे वारा खंडत नाही. खंडला तर कीट भात्याच्या नळीच्या तोंडाशी थिजतं आणि भट्टी गेलीच. कीट १,२०० अंशांच्या आसपास वाहतं, लोखंड वितळायला १,५३८ लागतात. म्हणजे लोखंड वितळत नाही. त्याचा सच्छिद्र गोळा तळाशी जमतो, तो गरम असतानाच ठोकून कीट पिळून काढायचं. कोळसा आणि उष्णता दोन्ही जास्त झाली तर लोखंड कार्बन ओढून घेतं, बीड (ठिसूळ ओतीव लोखंड) बनतं, आणि घणाखाली फुटतं. एवढं सगळं जमूनही खनिजातलं जवळपास निम्मं लोखंड कीटातच जायचं.

या खाणी का बंद पडल्या, याचं 'खनिज संपलं' हे उत्तर मला पटत नाही. हिशोब कोळशाचा करा. घडाऊ लोखंडाच्या किलोमागे दहा-पंधरा किलो कोळसा. लाकडाच्या वजनाचा पाचवा-सहावा हिस्साच कोळसा होतो. म्हणजे पन्नास ते नव्वद किलो लाकूड. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानात कुऱ्हाड चालवणं अवघड झालं, आणि १८८० च्या दशकात लोंढ्यामार्गे रेल्वे आली. विलायती लोखंडाच्या पट्ट्या स्वस्तात बेळगावच्या बाजारात उतरू लागल्यावर लोहाराने रानातला गोळा कशाला घ्यावा?

आजच्या कारखान्यालाही हे खनिज नकोच. अ‍ॅल्युमिना आणि लाव्ह्यातून आलेलं टायटॅनियम यांमुळे मोठ्या भट्टीतला मळ घट्ट होतो, वाहत नाही. शेजारच्या गोव्यातली गोष्ट वेगळी: तिथलं खनिज अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या धारवाडी पट्टेदार खडकातलं, घाटमाथ्यावरच्या या लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही.

बघायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. खानापूरच्या रानातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नये आणि कीटाचा तुकडाही उचलू नये. दुसरं, खड्ड्याच्या कडेखाली वाकून शिरू नका. वरचा सडा कडक, खालची शेडी मऊ. पावसाने शेडी झिजते आणि सडा अधांतरी लोंबकळत राहतो. जून ते ऑक्टोबर तर काठापासून लांबच थांबा.