खुट्टाले थिच्नुहोस्

सकाळी नऊला डॉक्टरसरांची गाडी शेडसमोर थांबली. डिकीतलं मशीन ते स्वतःच्या हातांनी उतरवायला लागले आणि मला कळलं, आज यांना नाही म्हणावं लागणार. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण सरांच्याच हातून झालंय. अशा माणसाला नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

मी लातुरात दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो. आम्ही चार मेकॅनिक आणि आयटीआयची दोन पोरं दर रविवारी एका शेडमध्ये जमतो. मोठ्या दवाखान्यांनी बदललेली, पण अजून जीव असलेली यंत्रं सर्व्हिसिंग करून गरजेच्या ठिकाणी देतो. एरवी हा माल आमच्याच औसा, उमरगा, निलंगा भागात जातो. डिसेंबर २०२३ मधला तो रविवार मात्र नेपाळच्या खोक्यांसाठी होता.

३ नोव्हेंबरच्या रात्री पश्चिम नेपाळात जाजरकोटला भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली. मोबाईलवर फोटो पाहिले आणि हात थांबला. त्याच दगड-मातीच्या भिंती, तसाच घरांचा ढिगारा. माझं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते आणि जाड भिंती, मातीची माळवदं झोपल्या माणसांवर आली. मी नऊ वर्षांचा होतो.

त्यानंतर जगभरातून मदत आली आणि त्या मदतीवरच आम्ही जगलो, हे मी कधीच विसरणार नाही. पण आमच्या भागातल्या एका दवाखान्यात त्या वेळी आलेलं एक यंत्र होतं, चादरीखाली झाकलेलं. त्याच्या पिना चपट्या, आपल्या बोर्डात न बसणाऱ्या. सोबतचं पुस्तक कुणाला वाचता न येणाऱ्या भाषेत. इंजेक्शनला गेलो की मी चादर उचलून त्याचं हिरवं बटण दाबून बघायचो. ते कधीच लागलं नाही. मी या कामात आलो त्याचं कारण कुणी विचारलं की मला ते बटण आठवतं.

नेपाळचा धागा जुळला तो आमच्या कॉलनीच्या वॉचमनमुळे. त्यांना मी दाजू म्हणतो, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. त्यांची पुतणी त्याच डोंगराळ भागात एका स्वास्थ्य चौकीत अनमी आहे. अनमी म्हणजे आपल्याकडची एएनएम. तिच्याशी फोनवर बोललो, मग तिथल्या गाउँपालिकेचं, म्हणजे गावांच्या पालिकेचं, मागणीपत्र मागवलं. पत्राशिवाय आम्ही स्क्रूसुद्धा पाठवत नाही. पत्रात पाच ओळी होत्या: बाळाचा वजनकाटा, नाका-तोंडातला स्राव ओढून काढायचं पायानं चालणारं सक्शन, पारा नसलेलं बीपीचं यंत्र, नवजात बाळाला हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आणि डोक्याला बांधायची बॅटरी. वीज सोलरच्या दोन पॅनलवर. तेवढ्यावर दिवे लागतात, मोबाईल चार्ज होतात, बस.

आणि सरांनी आणला होता ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेवरचं मशीन. २०२१च्या दुसऱ्या लाटेत परदेशातून मदतीत आलेला, पाच लिटरचा, चाकावरचं प्लास्टिकसुद्धा न निघालेला.

"हा पाठव," सर म्हणाले. "माझ्याकडं ठेवून काय लोणचं घालू?"

मी मशीन वळवून मागची पट्टी दाखवली. ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे आणि नेपाळातही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सर म्हणाले, ट्रान्सफॉर्मर लाव. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तसेच राहतात. साठावर फिरायची कंप्रेसरची मोटर पन्नासावर सहाव्या हिश्शानं मंद होते, वर तापते. हवा कमी दाबली जाते आणि काही दिवसांनी मोटर जळते.

सरांना पटेना, तेव्हा लावूनच दाखवलं. ट्रान्सफॉर्मर जोडला, प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरची गोळी पाचावर आणली, नळीला ऑक्सिजनचे टक्के मोजणारा ॲनालायझर लावला. पाऊण तास आम्ही त्या आकड्याकडं बघत उभे होतो. तो ६८च्या वर चढलाच नाही. या मशीनच्या आत जिओलाइटचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढं जाऊ देतात. दाण्यांना दमट हवा लागली की ते निकामी होतात, आणि हे मशीन अडीच वर्षं बंद पडून होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात ८२ टक्क्यांच्या खालचा ऑक्सिजन बसत नाही.

"६८ म्हणजे काहीच नसण्यापेक्षा बरं की," सर म्हणाले.

त्याच संघटनेनं यंत्रांच्या दानाबद्दल काही तत्त्वं सांगितली आहेत. त्यातलं एक मी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय: दर्जाची दोन मापं नकोत. मी तिकडं बोट दाखवलं आणि विचारलं, "सर, हे तुम्ही तुमच्या पेशंटला लावाल?"

सर काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, त्या सिस्टरला फोन लाव.

दाजूंनी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं थंडी होती. सिस्टर शाल गुंडाळून बाहेर उन्हात उभी होती, मागं ताडपत्रीचा तंबू दिसत होता. सरांनी हिंदीत थेट विचारलं, "बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर तुम्ही काय करता?"

ती म्हणाली, कोरडं पुसते, पाठ चोळते. तरी श्वास घेतला नाही तर बॅग लावते. मग आत गेली आणि बॅग घेऊन आली. रबराला चीर गेलेली, त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन वेढे. तिनं ती कॅमेऱ्यासमोर दाबून दाखवली. पट्टीच्या कडेनं हवा फुसफुस करत निघताना आम्हाला इकडं ऐकू आली.

शेडमध्ये कुणी बोलेना. सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "पहिला एक मिनिट," ते म्हणाले, आम्हाला की स्वतःला कोण जाणे. "त्या एका मिनिटात बॅग चालली पाहिजे. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच द्यायची असते. ऑक्सिजनची बात नंतरची." आणि उठून गाडीकडं गेले.

दीड तासानं परत आले ते औषधबाजारातून. नव्या चार अंबू बॅगा आणि शून्य व एक नंबरचे मास्क, प्रत्येकी चार. शून्य कमी दिवसांच्या बाळाला, एक पूर्ण दिवसांच्या. प्रत्येक बॅग त्यांनी तळहातावर मास्क दाबून तपासली, मगच खोक्यात ठेवू दिली. कॉन्सन्ट्रेटर आम्ही उघडला. चाकं आणि फ्लोमीटर कामाला आले.

दुपारभर दाजू आणि मी चिठ्ठ्या लिहीत बसलो. नेपाळीची लिपी आपलीच, त्यामुळं अक्षर माझं आणि शब्द त्यांचे. पायाच्या सक्शनवर लिहायचं होतं, पायानं दाबा. दाजू म्हणाले, "लिखो, खुट्टाले थिच्नुहोस्." मी थांबलो. खुट्टा म्हणजे आमच्याकडं गाय बांधायची मेख. त्यांच्याकडं तो पाय. दाजू हसले आणि चप्पल काढून पाय पुढं करून दाखवला. मी ठळक अक्षरात लिहिलं, वरून पारदर्शक टेप मारला. वजनकाट्यावर 'शून्य' लिहिताना विचारावं लागलं नाही.

खोकी बुधवारी ट्रकनं निघाली, रुपईडिहाच्या नाक्यावरून नेपाळगंज आणि तिथून वर डोंगरात. शेवटचा टप्पा जीपनं, मग माणसांच्या पाठीवर. तेविसाव्या दिवशी सिस्टरचा फोन आला. सगळं पोचलं, बीपीचं यंत्र लावून पाहिलं, काटा बरोबर दाखवतो म्हणाली. मग तिनं विचारलं, सक्शनच्या भात्याचं रबर फाटलं तर?

"खोक्याच्या तळाशी बघा, थर्माकोलच्या खाली," मी म्हणालो. "दोन जादा ठेवलेत."

फोन चालूच होता. थर्माकोल मोडल्याचा आवाज आला, आणि मग ती तिकडं कुणाला तरी ओरडून सांगत होती, छ, छ, दुइटा छ. आहेत, आहेत, दोन आहेत.