ओढ्याचं पाणी तपासायला नेताना

कोंबडी प्रक्रिया कारखान्याच्या वासाची तक्रार मी दोन वर्षं करत होते. पाहणीला माणसं यायची तेव्हा नेमका वास नसायचा. मग एका पहाटे ओढ्यावर तांबूस फेस दिसला. दगडांच्या कपारीत ओली पिसं अडकली होती, बोटांना चरबी चिकटत होती. हाताशी शीतपेयाची रिकामी बाटली होती, तीच भरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत नेली. त्यांनी ती घेतलीच नाही.

बरोबरच होतं त्यांचं. रक्त आणि चरबी कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो किती संपला, हे बीओडी चाचणीत कळतं. त्यासाठी नमुना २० अंश सेल्सिअसला ५ दिवस ठेवतात. बाटली तापली तर कुजणं वाटेतच सुरू होतं आणि आकड्याला अर्थ राहत नाही.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेच्याच बाटल्या घेतल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि त्याच सकाळी पोचवल्या. एक नमुना कारखान्याच्या नाल्याच्या खालचा, एक वरचा. वरचा विसरू नका, अगदी कळकळीने सांगते. घाण दुसरीकडून आली, हा बचाव ठरलेला असतो. वेळ, जागा, फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या, प्रयोगशाळेची पावती, सगळं अर्जाला जोडलं.

धीर मात्र लागतो. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याने इलिनॉय नदीच्या खोऱ्यातल्या कोंबडीखताच्या प्रदूषणावरून २००५ मध्ये मोठ्या कंपन्यांवर खटला भरला. निकाल लागला जानेवारी २०२३ मध्ये. राज्य सरकारची ही गत!

आमच्या अर्जावर अधिकाऱ्यांनी त्याच दोन जागांचे नमुने स्वतः घेतले आणि कारखान्याला सांडपाणी यंत्रणा दुरुस्त करण्याची नोटीस काढली. तेवढ्यात कुणीतरी विहीर तपासायला सुचवलं, कारण कारखान्याचं पाणी शेजारच्या शेतात फवारलं जात होतं. नायट्रेट जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे ५० मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर निघालं. ही मर्यादा मुळात बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांसाठी आहे; नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते.

मी नातीच्या दुधासाठी तेच पाणी उकळून देत होते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. त्या दिवसापासून तिचं पाणी बाहेरून आणतो.