इशारा गेला, पण साथ किती अडली?

आरोग्य सेतू, म्हणजे कोरोनाबाधिताच्या जवळ आलेल्याला फोनवर इशारा देणारं सरकारी ॲप, २ एप्रिल २०२०ला आलं आणि मे महिन्यातच १० कोटी डाउनलोडच्या पुढे गेलं. तेव्हा मी जिल्हा परिषद शाळेतली बाई. आमच्या गुहागर तालुक्यातल्या गावात चाकरमान्यांच्या नोंदी ठेवायला मला बसवलं होतं. वरून फोन आला की पहिला प्रश्न हाच: किती जणांकडे ॲप आहे?

त्या आकड्यावरून साथ किती अडली हे कसं कळावं? असा इशारा मिळायला दोघांकडेही ॲप लागतं, ब्लूटूथ चालू लागतं. दहातल्या तिघांकडे ॲप असेल, तर साध्या हिशोबाने शंभरातल्या नऊच भेटी त्याला दिसणार. त्यातून आमच्याकडे घरात स्मार्टफोन एक, तोही पोराच्या ऑनलाइन शाळेसाठी. आई सकाळी बंदरावर मासळीच्या लिलावात. गर्दी तिकडे, फोन घरी.

मोजायचं काम इंग्लंड-वेल्समध्ये नीट झालं. तिथलं ॲप २४ सप्टेंबर २०२०ला आलं, २८ टक्के लोक ते नियमित वापरत होते. ऑक्सफर्डच्या मंडळींनी दोन वाटांनी हिशोब केला. एक, इशारा मिळालेल्यांपैकी किती जण पुढे बाधित निघाले (सुमारे ६ टक्के) आणि ते घरी किती थांबले असतील, यावरून. दुसरी, आधी रुग्णसंख्या सारखी असलेले शेजारशेजारचे भाग घेऊन, ॲप जास्त तिथे रुग्ण कमी का, हे बघायचं. वर्षअखेरपर्यंत टळलेले रुग्ण पहिल्या वाटेने २,८४,०००, दुसऱ्या वाटेने ५,९४,०००. दुपटीचा फरक! मी लहान आकड्याच्या बाजूने. ॲप हौसेने घेणारा माणूस मास्कही लावतो, गर्दीही टाळतो. ते सगळं श्रेय दुसऱ्या हिशोबात ॲपच्या पदरात पडू शकतं.

त्याच ॲपच्या ७० लाख संपर्कांवरून नंतर दिसलं की घरातले संपर्क फक्त ६ टक्के, पण संसर्ग ४० टक्के तिथूनच. आता एकाच पडवीत झोपणाऱ्यांना फोनने काय नवीन सांगायचं!

आमच्याकडे शेजारचे भाग ताडून बघायचे म्हटलं तर गुहागर आणि दापोली. मध्ये खाडी, धोपावे-दाभोळ फेरीबोट. पण मुंबईहून कुठे किती माणसं उतरली आणि कधी, हे आधी जुळवावं लागेल. नाहीतर गणपतीच्या गाड्यांचा परिणाम ॲपच्या नावावर चढायचा. शिवाय इशारा आल्यावर कोण खरंच घरी बसलं, हेही हवं. मासळी विकणारी बाई चौदा दिवस बसली, तर तेवढ्या दिवसांचे पैसे तिला कोण देणार होतं? ते विचारणारा फोन मला कधी आला नाही.