चांदीच्या थरावरचे अदृश्य आवरण : माझा अनुभव

पुण्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ऑप्टिकल फायबरचा रासायनिक संवेदक तयार करत होते. 600 मायक्रॉन गाभ्याच्या फायबरचे टोकाकडचे आवरण सेंटिमीटरभर सोलून त्यावर निर्वात कक्षात सुमारे 50 नॅनोमीटर चांदी चढवायची, आतून पांढरा प्रकाश सोडायचा आणि परत आलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात कोणत्या तरंगलांबीवर दरी पडते, म्हणजे प्रकाश एकदम कमी होतो, ते नोंदवायचे, अशी ही पद्धत आहे. भोवतालच्या द्रवाचा अपवर्तनांक बदलला की दरी सरकते. सोन्यापेक्षा चांदीची दरी अरुंद असते, त्यामुळे तिची जागा अधिक नेमकी ठरवता येते.

मात्र देवघरातले निरांजन जसे काळवंडते, तसाच हा थरही काळवंडतो, आणि इतक्या पातळ थराला ते मुळीच सोसत नाही. जुलैच्या दमट हवेत माझे पहिले फायबर काही दिवसांतच पिवळसर झाले, दरी पसरट झाली आणि मिठाच्या पाण्यात तर थराचे पापुद्रे सुटले.

थर वाचवण्यासाठी मार्गदर्शक बाईंनी त्यावर ऑक्टाडेकेनथायॉल या रसायनाचे आवरण घालायला सुचवले. या रेणूच्या एका टोकाचे गंधक चांदीला घट्ट धरते आणि 18 कार्बनांची शेपटी बाहेरच्या बाजूला राहते. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी दाटीने उभे राहिले की दोन-अडीच नॅनोमीटरचे, पाणी झटकणारे आवरण तयार होते. प्रकाशाचे क्षेत्र धातूबाहेर शंभरहून अधिक नॅनोमीटर पसरत असल्यामुळे एवढ्या पातळ आवरणाने संवेदनक्षमता फारशी घटत नाही.

तरीही माझे पहिले दोन प्रयत्न फसले, आणि त्याचे कारण रसायनात नव्हते. चांदी चढवलेले फायबर मी रात्रभर तसेच ठेवून सकाळी द्रावणात बुडवत होते. म्हणजे आधीच काळवंडू लागलेल्या पृष्ठभागावर मी आवरण घालत होते. तिसऱ्या वेळी इथेनॉलमधून नायट्रोजन सोडून त्यातला ऑक्सिजन काढला, त्यात ऑक्टाडेकेनथायॉलचे एक मिलिमोलर (म्हणजे अगदी विरळ) द्रावण आधीच तयार ठेवले आणि कक्ष उघडल्यावर काही मिनिटांतच फायबर त्यात सोडले. टोक तळाला घासू नये म्हणून ते बुचातून अधांतरी टांगले. दुसऱ्या दिवशी इथेनॉलने धुऊन नायट्रोजनच्या झोताने वाळवले, तेव्हा पाण्याचा थेंब त्यावर पसरेना. दरी काही नॅनोमीटर लाल बाजूला सरकली होती, पण तिचा आकार तसाच अरुंद होता. मग हे फायबरही मिठाच्या पाण्यात ठेवले. या वेळी पापुद्रे सुटले नाहीत.