दोन रेघा

युरॉलॉजीतलं माझं पहिलं वर्ष. 24 वर्षांचा एक मुलगा तीन महिने पाठदुखीच्या गोळ्या खाऊन आमच्याकडे आला, कारण सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज दिसली होती. सिटी स्कॅनमध्ये कारण सापडलं. महाधमनीच्या डाव्या कडेला लिम्फ नोडचा मुठीएवढा गोळा होता आणि त्यानं मूत्रवाहिनी दाबली होती. टीबी की लिम्फोमा, म्हणजे लिम्फ नोडचाच कॅन्सर, यावर राउंडला बरीच चर्चा झाली. सकाळी मूत्रवाहिनी उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकायचा आणि सुईनं गोळ्याचा तुकडा घ्यायचा, असं ठरलं.

रात्री संमतीची सही घ्यायला गेलो, तर तो शर्ट काढून बसला होता. अंगानं काटकुळा, पण दोन्ही स्तनाग्रांखाली स्पष्ट उंचवटा. विचारलं तर म्हणाला, "दोनेक महिने झाले. शर्ट घासला की दुखतं."

"आणि खाली? कुठे गाठ, सूज?"

तो गप्प. पायथ्याशी धाकटा भाऊ उभा होता. त्याला बाहेर पाठवून मी पडदा ओढला.

डावं वृषण दगडासारखं कडक लागलं. टॉर्च धरला, उजेड आरपार गेला नाही. म्हणजे आत पाणी नव्हतं. "सात-आठ महिने आहे," तो म्हणाला. "दुखत नव्हतं, म्हणून कुणाला बोललो नाही."

केसपेपर उघडला. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'बाह्य जननेंद्रिये – नॉर्मल'. ॲडमिट करताना वॉर्डात गर्दी होती, तो लाजत होता आणि खरं सांगायचं तर मीही. ओळ आधी लिहून टाकली, तपासायचं राहून गेलं.

कॅन्सरची खूण देणारे रक्तातले मार्कर रात्री होत नसत. मी सिस्टरांकडे प्रेग्नन्सी टेस्टचं कार्ड मागितलं. खाट नंबर सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची झोप झालेली दिसत नाही." लघवीचे तीन थेंब टाकले. पाच मिनिटांत दोन ठळक रेघा. सिस्टरांनी कार्ड दिव्याखाली धरून पुन्हा पाहिलं.

गरोदरपणी वार जो एचसीजी हार्मोन बनवते, तोच वृषणाच्या काही कॅन्सरच्या पेशीही बनवतात. कार्डाला बाई-पुरुष कळत नाही. छातीवरची सूजही त्याच हार्मोनची. अर्थात ही निदानाची पद्धत नव्हे. कार्ड निगेटिव्ह आलं असतं, तरी कॅन्सर नाही असं म्हणता आलं नसतं. मला फक्त रात्री दीड वाजता सरांना उठवायला काहीतरी आधार हवा होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "सुई रद्द. स्टेंट टाकू. सकाळी एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच, तिन्ही मार्कर पाठव. आणि ती ओळ गिरगटू नकोस. एका रेघेनं काट, सही कर, वेळ टाक, खाली खरं लिही." माझ्या चुकीवर ते एवढंच बोलले, बाकीचं मी माझं मला ऐकवलं.

एचसीजी हजारांत आलं, एएफपीही वाढलेलं. वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार सेमिनोमा. शुद्ध सेमिनोमात एएफपी वाढत नाही, त्यामुळे हा तो नाही हे ऑपरेशनआधीच कळलं. वृषण काढायचं ते जांघेतून, अंडकोषाची कातडी कापून कधीच नाही. वृषण गर्भात किडनीजवळ तयार होतं आणि मग खाली उतरतं. त्याची लसिका, म्हणजे लिम्फ नोडकडे वाहणारा द्रव, मात्र जुन्याच वाटेनं वर, महाधमनीपाशी जाते. म्हणून गाठ खाली आणि दुखणं पाठीत. अंडकोषाच्या कातडीची लसिका जांघेत जाते. तिथे चीर दिली की कॅन्सरला नवी वाट उघडते.

केमोनं पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं, म्हणून शुक्राणू गोठवून ठेवायचा विषय मी पडद्याआड काढला. "आईला सांगू नका," एवढीच त्याची अट.

पुढे केमो: ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन, 21 दिवसांची एक, अशा चार सायकल. इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी 1974 मध्ये या आजारात सिस्प्लॅटिन मिसळून औषधं द्यायला सुरुवात केली, त्याआधी असा पसरलेला आजार बहुतेकांचा जीव घेई. आता पसरलेला असूनही बहुतेक जण बरे होतात. अर्थात फुकट नाही. उलट्या, कानात गुणगुण, किडनी जपण्यासाठी सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या. तिसऱ्या सायकलला त्यानं "पुरे" म्हटलं होतं. मी त्याला मार्करचा आलेख दाखवला. एचसीजी पायऱ्या उतरावा तसं उतरत होतं. केमोनंतर पोटात उरलेला गोळा ऑपरेशननं काढला; त्यात जिवंत कॅन्सर नव्हता, टेराटोमा, म्हणजे वेगवेगळ्या ऊतींची गाठ, होता.

घरी जायच्या दिवशी सामान रिक्षात ठेवून भाऊ एकटाच परत आला. दारात घुटमळला.

"डॉक्टर, मलाही एकदा बघाल?"

सख्ख्या भावाला धोका जास्त असतो, हे त्याला सांगायचं आम्हा सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं होतं. मी पडदा ओढला.